काक्षीची प्रत नुसत्या डोळ्यांनी कशी ठरवायची

मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी, म्हणजेच बीटलज्यूस, हा महाराक्षसी तारा आहे आणि त्याचं तेज कधी स्थिर नसतं. त्याची प्रत, म्हणजे तेजाचं माप (आकडा जितका लहान तितका तारा उजळ), साधारण ०.० ते १.३ या पट्ट्यात खालीवर होते. बराचसा काळ ती अर्ध्या प्रतीच्या आसपास असते. या बदलांत सुमारे ४०० दिवसांचं एक आवर्तन सापडतं आणि सुमारे २१०० दिवसांचं दुसरं, अधिक संथ. दोन्ही आवर्तनं मधूनमधून गडबडतात, लांबतात, विरतात. सूचीत त्याचा प्रकार 'अर्धनियमित' असा लिहिलेला असला, तरी पुढच्या महिन्यात तो किती उजळ असेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हा बदल जॉन हर्शेलच्या १८३६ मध्ये लक्षात आला, तोही नुसत्या डोळ्यांनी. आजही हे काम डोळ्यांनी करण्यात अर्थ आहे, कारण मोठ्या दुर्बिणींवरच्या कॅमेऱ्यांना हा तारा फारच प्रखर पडतो आणि त्याची प्रतिमा संपृक्त होते. ऑक्टोबर २०१९ पासून तो उतरत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत आला. त्या महिन्यांचा प्रकाशवक्र, म्हणजे काळानुसार बदलत्या तेजाचा आलेख, काढताना हौशी निरीक्षकांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडल्या.

खरी अडचण कुठे आहे ते आधी सांगतो. बाकीच्या रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या बाबतीत तुलनेचे तारे शेजारीच, दुर्बिणीच्या एकाच दृश्यक्षेत्रात मिळतात. काक्षीच्या बाबतीत ते बहुतेक २० ते ३५ अंश लांब आहेत, क्षितिजापासून वेगवेगळ्या उंचीवर आहेत आणि रंगानेही वेगळे आहेत. चुकांचा मोठा वाटा उंची आणि रंग या दोन गोष्टींतून येतो. डोळा तयार होणं वगैरे त्यानंतरची बाब.

तुलना तारे

काक्षी ओळखायला वेळ लागत नाही. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे सापडले की पट्ट्याच्या एका बाजूला निळसर-पांढरा राजन्य आणि त्याच्या समोरच्या बाजूला तांबूस काक्षी. तुलनेसाठी हे तारे पाठ करून ठेवा:

- ब्रह्महृदय: ०.१, पिवळसर, सुमारे ४० अंश दूर
- राजन्य: ०.१, निळसर, १९ अंश
- प्रश्वा: ०.४, किंचित पिवळट पांढरा, २६ अंश
- रोहिणी: ०.९, नारिंगी, २१ अंश
- पुनर्वसूतला पॉलक्स: १.१, फिकट नारिंगी, ३३ अंश
- पुनर्वसूतलाच कॅस्टर: १.६, पांढरा, ३३ अंश
- बेलाट्रिक्स, म्हणजे मृगाचा दुसरा खांदा: १.६, निळसर, साडेसात अंश

नेहमीच्या दिवसांत प्रश्वा आणि रोहिणी ही जोडी पुरते. काक्षी एकीपेक्षा मंद आणि दुसरीपेक्षा उजळ, असा मधे सापडला की काम सोपं होतं. तो ०.९ पेक्षा मंद झाला तर रोहिणी आणि पॉलक्स घ्या. एप्रिल २०२३ मध्ये तो ०.० च्या जवळ गेला होता, तसा पुन्हा उजळला तर ब्रह्महृदय वापरावा लागतो.

राजन्य जवळ आहे म्हणून नवशिके हटकून त्याच्याकडे वळतात. तो टाळलेला बरा. एक तर तो स्वतःच थोडा बदलतो, आणि दुसरं म्हणजे निळा तारा आणि तांबडा तारा यांची तुलना डोळ्याला नीट जमत नाही. रंगाच्या दृष्टीने सर्वांत चांगली जोड रोहिणीची. तिचंही तेज अगदी थोडं हलतं, पण आपल्या डोळ्याच्या चुकीपेक्षा ते कमीच आहे. व्याध तर विसराच. तो काक्षीपेक्षा सुमारे दोन प्रतींनी उजळ आहे आणि एवढ्या फरकावर अंदाज बांधण्यात काही हशील नाही.

ग्रहांशी तुलना करू नका. गुरू साधारण बारा वर्षांत एकदा वृषभ आणि मिथुन राशींतून जातो, तेव्हा त्याच्या झळाळीने शेजारचे रोहिणी किंवा पॉलक्स फिके वाटतात. त्या हंगामात जो तुलना तारा गुरूपासून लांब असेल तोच घ्यावा.

केव्हा बघायचं

काक्षी मध्यमंडलावर, म्हणजे आकाशात सर्वांत उंच, असताना रोहिणी त्याच्या पश्चिमेला आणि प्रश्वा पूर्वेला असते. त्या वेळी तिन्ही तारे बरेच उंच असतात आणि उंचीतला फरकही आटोपशीर राहतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ही वेळ मध्यरात्रीच्या सुमारास येते, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दहाला, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आठला. तुमच्या गावच्या रेखांशानुसार थोडं मागेपुढे होईल. शक्य असेल तर नोंद या वेळेच्या आगेमागे तासाभरात करा, म्हणजे हवेत होणाऱ्या प्रकाशाच्या शोषणाचं पुढे येणारं गणित बहुतेक वेळा करावंच लागणार नाही.

काक्षी ३० अंशांच्या खाली असेल तर थांबा. हाताच्या मुठीने अंदाज येतो: हात ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश, पसरलेली वीत म्हणजे २० अंशांच्या आसपास. संधिप्रकाश पूर्ण संपलेला हवा. चंद्र काक्षीच्या किंवा तुलना ताऱ्याच्या जवळ असेल तर ती रात्र सोडून द्या. पातळ ढग हे सर्वांत फसवे. ताऱ्याभोवती धूसर वलय दिसत असेल, किंवा मिनिटाभरात रोहिणीचं तेज कमीजास्त होत असेल, तर वर ढगाचा पापुद्रा आहे असं समजावं आणि नोंद करू नये.

अंदाज घेण्याची पद्धत

१. दिव्यांपासून दूर, किमान दहा मिनिटं अंधारात राहा. मंद ताऱ्यांसाठी लागतो तसा अर्धा तास इथे गरजेचा नाही, कारण हे तारे इतके उजळ आहेत की डोळ्यातल्या शंकुपेशीच काम करतात. मोबाइल मात्र खिशात ठेवा.

२. आधी तिन्ही ताऱ्यांची उंची मुठीने मोजून लिहून घ्या. अंदाज घेतल्यावर मोजायला गेलं की ते हमखास राहून जातं.

३. प्रश्वाकडे सरळ बघा, एक-दोन सेकंद. मग काक्षीकडे, तेवढाच वेळ. मग पुन्हा प्रश्वा. डोळे नुसते फिरवू नका, मान आणि शक्य तर खांदेही त्या ताऱ्याकडे वळवा, म्हणजे प्रत्येक ताऱ्याची प्रतिमा दृष्टिपटलाच्या त्याच भागावर पडेल. तिरक्या नजरेने बघण्याची सवय असेल तर ती इथे बाजूला ठेवा.

४. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघत राहिलं की तो उजळत गेल्यासारखा वाटतो. म्हणून काक्षीवर नजर रेंगाळू द्यायची नाही. झटपट ओझरत्या नजरा चार-पाच वेळा, आणि जो पहिला ठसा उमटेल तोच धरायचा.

५. हेच रोहिणी आणि काक्षी यांच्यात करा.

६. आता मनाशी ठरवा: प्रश्वापासून रोहिणीपर्यंतच्या तेजाच्या उतरंडीत काक्षी कुठे बसतो? त्या अंतराचे पाच भाग केले तर एक भाग ०.१ प्रतीचा होतो. काक्षी प्रश्वापेक्षा दोन भाग मंद आणि रोहिणीपेक्षा तीन भाग उजळ वाटला, तर प्रत ०.४ + ०.२ = ०.६. वहीत लिहिताना 'प्रश्वा २ काक्षी ३ रोहिणी' असं लिहा, नुसतं ०.६ नको. पुढे कधी तुलना ताऱ्याची प्रत सुधारून घ्यावी लागली तर या नोंदीवरून उत्तर पुन्हा काढता येतं.

चष्मा लावणाऱ्यांना एक सोय आहे. चष्मा काढला की तारे पसरट ठिपके दिसतात आणि पसरट ठिपक्यांची तुलना टोकदार बिंदूंपेक्षा सोपी जाते. लुकलुकणंही कमी त्रास देतं. मात्र एकदा चष्म्याशिवाय सुरुवात केली की पूर्ण हंगाम तसंच करा.

अंदाज ०.१ पर्यंतच द्या. '०.५५' असं लिहिणं म्हणजे आपल्या डोळ्याकडे नसलेली अचूकता मिरवणं.

उंचीची दुरुस्ती

तारा जितका खाली, तितकी त्याच्या प्रकाशाच्या वाटेत हवा जास्त. डोक्यावरच्या हवेचा थर १ धरला तर ६० अंशांवर तो १.१५ पट होतो, ४५ वर १.४, ३० वर २.०, २५ वर २.४ आणि २० वर २.९. (कॅल्क्युलेटर असेल तर १ भागिले उंचीची ज्या म्हणजेच साइन, १५ अंशांच्या वर हे सूत्र पुरेसं आहे.) स्वच्छ कोरड्या हवेत प्रत्येक थरामागे सुमारे ०.२ प्रत गिळली जाते, सखल भागातल्या सर्वसाधारण रात्री ०.२५ ते ०.३, आणि धूळ किंवा दमटपणा असेल तर ०.४ किंवा त्याहून जास्त.

उदाहरण घेऊ. हंगामाच्या सुरुवातीला काक्षी पूर्वेकडे ३० अंशांवर आहे आणि रोहिणी त्याच्या आधी उगवल्यामुळे ५० अंशांवर पोहोचली आहे. प्रश्वा अजून क्षितिजाला चिकटलेली, म्हणून वापरता येत नाही. तुम्हाला काक्षी आणि रोहिणी अगदी बरोबरीचे दिसतात. झटकन ०.९ लिहावंसं वाटेल. पण काक्षीचा प्रकाश २.० थरांतून आला आणि रोहिणीचा १.३ थरांतून. फरक ०.७, त्याला ०.२५ ने गुणलं की ०.१७. म्हणजे काक्षीचं तेवढं तेज हवेने जास्त खाल्लं आहे. खरी प्रत ०.९ − ०.१७, म्हणजे ०.७. हवा धुळकट असून ०.४ चा गुणक लागू असता तर उत्तर ०.६ आलं असतं.

दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला 'काक्षी मंदावला' अशी जी ओरड होते, तिच्यातल्या पुष्कळशा ओरडीमागे नेमकं हेच असतं. हंगामाच्या शेवटी, एप्रिलमध्ये, उलट घडतं: पश्चिमेकडे रोहिणी आधी खाली जाते आणि तिच्याशी तुलना केली की काक्षी खऱ्यापेक्षा उजळ भासतो. दोन्ही टोकांच्या चुका विरुद्ध दिशेच्या असल्यामुळे आलेखात ताऱ्याचा नसलेला चढ दिसू लागतो.

वहीत दोन्ही आकडे लिहा, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा. फरक ०.०५ पेक्षा कमी येत असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

रंगामुळे होणारी फसगत

काक्षीचा रंग रोहिणीपेक्षाही गडद आहे. प्रकाश जसजसा कमी होतो तसतशी डोळ्याची संवेदनशीलता लालकडून निळ्याकडे सरकते. त्यामुळे गडद अंधाऱ्या आकाशाखाली आणि उजळ शहरी आकाशाखाली एकाच माणसाचा अंदाज वेगळा येऊ शकतो. वयाचाही परिणाम आहे: वय वाढलं की डोळ्याचं भिंग पिवळट होतं, निळा प्रकाश अडतो आणि तांबडे तारे तुलनेने उजळ वाटतात. यावर एकच उपाय, तो म्हणजे जागा, तुलना तारे आणि पद्धत न बदलणं. तुमचा आकडा इतरांपेक्षा कायम ०.२ ने वेगळा येत असेल तर बिघडलं काहीच नाही; तो फरक वर्षानुवर्षं तेवढाच राहिला तर विश्लेषण करणारा तो काढून टाकू शकतो. दोन अनुभवी निरीक्षकांमध्येही ०.२ ते ०.३ चा फरक ही नेहमीची गोष्ट आहे. खरं नुकसान होतं ते इतरांशी जुळावं म्हणून स्वतःचा आकडा ओढूनताणून बसवल्याने. त्याच कारणासाठी बघायला जाण्यापूर्वी मागच्या नोंदी, ताज्या बातम्या किंवा इतरांचे आलेख उघडू नका. 'काल ०.६ होता' हे डोक्यात असलं की आजही ०.६ च दिसतो.

नोंद

तारीख आणि वेळ वैश्विक वेळेत (भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून) लिहा आणि तिचा ज्युलियन दिनांक, म्हणजे दिवसांच्या सलग मोजणीतला आकडा, काढा. १ जानेवारी २०२६ च्या वैश्विक मध्यरात्रीचा ज्युलियन दिनांक २४६१०४१.५ आहे. समजा १५ जानेवारी २०२६ ला १६:३० वैश्विक वेळेला नोंद केली: १४ दिवस मिळवले की २४६१०५५.५, त्यात साडेसोळा तासांचे ०.६९ मिळवले की २४६१०५६.१९. दोन दशांश स्थळं भरपूर झाली. ज्युलियन दिवस मध्यरात्री नव्हे तर वैश्विक दुपारी १२ ला बदलतो. हे विसरलं की नोंद अर्धा दिवस सरकते. काक्षीच्या बाबतीत ते चालून जाईल, पण सवय वाईट.

१९११ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्सकडे जगभरातल्या कोणालाही नोंदी पाठवता येतात. तिथे ताऱ्याचं नाव आल्फा ओरायनिस म्हणून द्यावं लागतं, सोबत प्रत, वापरलेले तुलना तारे आणि नकाशाचा क्रमांक. त्यांच्या नकाशांवर दशांश चिन्ह छापत नाहीत, कारण त्याचा ठिपका तारा समजला जाऊ शकतो. नकाशावर ९ असेल तर ती ०.९ आणि ११ असेल तर १.१. शेऱ्यासाठी एकाक्षरी खुणा आहेत: चंद्र किंवा प्रकाशामुळे आकाश उजळ असेल तर 'बी', ढग वा धूर असेल तर 'यू', तारा क्षितिजाजवळ असेल तर 'एल', आकड्याची खात्री नसेल तर 'झेड'. शेरा देण्यात कमीपणा नाही. 'झेड' लावलेली प्रामाणिक नोंद ही शेरा गाळलेल्या नोंदीपेक्षा केव्हाही चांगली.

किती वेळा नोंदवायचं? आठ-दहा दिवसांतून एकदा. रोज बघून काही जास्त हाती लागत नाही, कारण तारा महिन्यांच्या गतीने बदलतो आणि रोजच्या आकड्यांतला चढउतार आपल्या डोळ्याचा असतो. हंगामाअखेर आलेखावर ज्युलियन दिनांक आडव्या अक्षावर आणि प्रत उभ्या अक्षावर मांडा, लहान आकडा वर ठेवून. बिंदू जोडत बसू नका. तीन-तीन नोंदींची सरासरी काढून ती मांडली की खरा कल दिसतो.

एखाद्या रात्री काक्षी अचानक ०.४ प्रतीने किंवा त्याहून जास्त मंद वाटला, तर आधी आकाशावर संशय घ्या. पॉलक्स आणि कॅस्टर घेऊन पुन्हा अंदाज काढा, तासाभराने परत बघा आणि पुढच्या स्वच्छ रात्रीपर्यंत कोणाला काही कळवू नका. दोन रात्री, वेगवेगळ्या तुलना ताऱ्यांनी, तोच आकडा आला तरच तो गंभीरपणे घ्यावा. २०१९-२० ची घट अशी एका रात्रीत आली नव्हती. ती महिनोन्‌महिने चालली होती. नंतरच्या अभ्यासांत तिचं कारण असं दिसलं की ताऱ्याने वायूचा मोठा लोट बाहेर फेकला, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती आपल्या बाजूला आड आली. स्फोटाशी तिचा संबंध नव्हता. २१०० दिवसांच्या आवर्तनामागे सोबती तारा असावा, असा अंदाज होता आणि जुलै २०२५ मध्ये जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने तो टिपल्याचं जाहीर झालं.

कॅमेरा असेल तर

साधा डीएसएलआर तिपाईवर चालतो. २० ते ३५ मिलिमीटरची लेन्स, एफ ४, आयएसओ १०० किंवा २००, रॉ फाइल. फोकस मुद्दाम बिघडवा, म्हणजे प्रकाश पुष्कळ पिक्सेलवर पसरेल. १४ बिटच्या कॅमेऱ्यात १६३८३ ला पिक्सेल भरतो. सर्वांत उजळ पिक्सेल १०,००० च्या आसपास राहील इतकाच एक्स्पोजर द्या. असे एवढे फोटो घ्या की एकूण एक्स्पोजर मिनिटाच्या वर जाईल, नाहीतर लुकलुकण्यामुळे आकडे विखुरतात. लेन्सच्या कडेला प्रकाश कमी पडतो, म्हणून फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे दुरुस्तीसाठी घेतलेले फोटो, लागतातच. काक्षी मध्यावर आणि रोहिणी कोपऱ्यात असेल तर फ्लॅटशिवायचं माप कुचकामी. मोजमाप हिरव्या चॅनेलवर करून ते तसंच नमूद करा. कॅमेऱ्याचा हिरवा फिल्टर प्रमाणित दृश्य फिल्टरपेक्षा वेगळा आहे आणि इतक्या तांबड्या ताऱ्यासाठी रंगाची दुरुस्ती न करता तो आकडा दृश्यप्रत म्हणून खपवता येत नाही. उंचीची दुरुस्ती इथेही करायचीच, उलट कॅमेऱ्याची अचूकता जास्त असल्याने ती अधिकच गरजेची.

हंगाम संपल्यावर

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य काक्षीच्या जवळून जातो, त्यामुळे साधारण मे मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत रात्री तो दिसत नाही. नेमक्या याच दिवसांत ज्येष्ठा रात्रभर दिसते. तीही तांबडी महाराक्षसी तारका, आणि तिचा प्रकार तर सरळ 'अनियमित'. तिच्यासाठी चित्रा (१.०) आणि श्रवण (०.८) घ्या. तिचा बदल सूचीनुसार ०.९ ते १.२ इतकाच आहे, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेच्या काठावर. आणि तुलना तारे ४५ ते ६० अंश लांब असल्याने उंचीची दुरुस्ती जवळजवळ प्रत्येक नोंदीत करावी लागते. ज्येष्ठेचे आकडे दोन-तीन महिने एकाच जागी रेंगाळले तर नवल नाही, तसेच्या तसे पाठवा. ऑगस्टमध्ये काक्षी पहाटे पूर्वेकडे परत दिसू लागतो. तेव्हा तो बराच खाली असतो, म्हणून पहिली नोंद तो ३० अंशांच्या वर चढेल त्या पहाटेपर्यंत लांबवा.